बारा व्होल्ट कुठे मोजले?

गेल्या मे महिन्यात, नवतप्याच्या म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, माझा संगणक दुपारी तीनच्या सुमारास आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी करते. नागपूरच्या हनुमाननगरातील आमच्या घराची पुढची खोली हेच माझे कार्यालय आहे. चारशे पानांच्या पुस्तकाची छपाईसाठीची पीडीएफ तयार होत असताना पडदा एकदम काळा व्हायचा, पंख्यांचा आवाज क्षणभर थांबायचा आणि आताच कुणी बटण दाबले असावे तसा संगणक पहिल्यापासून सुरू व्हायचा. सकाळी आठ ते अकरा काहीच तक्रार नसे. नुसते मुद्रितशोधन चालू असले तर दुपारीही नसे. दुपारची वेळ आणि जड काम या दोन गोष्टी एकत्र आल्या की मात्र दहा मिनिटांच्या आत हमखास हा प्रकार घडायचा.

ओळखीच्या एका तंत्रज्ञाने फोनवरच सांगितले की एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी पेटी, गेला असणार, आणि खात्री करायची असेल तर व्होल्टेज दाखवणारे एखादे सॉफ्टवेअर टाकून आकडे पाहून घ्या. मी तसे केले आणि पडद्यावर आलेली यादी कागदावर उतरवून घेतली. अधिक १२ व्होल्टच्या ओळीत ११.९७, अधिक ५ च्या ओळीत ५.०३, अधिक ३.३ च्या ओळीत ३.३१ आणि उणे १२ च्या ओळीत उणे ७.९. पहिले तीन आकडे पाहून जीव भांड्यात पडला, चौथा पाहून पोटात गोळा आला. त्या संध्याकाळभर मी हेच धरून बसले होते की उणे १२ ची बाजू कोसळली आहे आणि सगळा त्रास तिच्यामुळे होत आहे. नव्या एसएमपीएसचे भावही विचारून झाले होते. पुढच्या दोन दिवसांत कळले की ज्या आकड्याने मला घाबरवले त्याच्यामागे मोजमापच नव्हते, आणि ज्या आकड्याने मला निश्चिंत केले तो खरा असला तरी बिघाड होता त्या जागेचा नव्हता.

एसएमपीएस ही पत्र्याची पेटी घरातील २३० व्होल्टच्या एसी विजेपासून संगणकाला लागणारे कमी दाबाचे डीसी व्होल्टेज तयार करते. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स रचनेने या व्होल्टेजांचे आकडे ठरवून दिले, आणि तारांचे रंगही तेव्हापासून बऱ्याच एसएमपीएसमध्ये तेच दिसतात. पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची, निळी उणे १२ ची, आणि काळी म्हणजे ग्राउंड, जिच्या तुलनेत बाकी सगळे मोजायचे. जांभळ्या तारेत संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट असतात. हिरवी तार काळीला जोडली गेली की पेटी जागी होते. करड्या तारेचे काम मला सर्वांत आवडते: आपली सगळी व्होल्टेज नीट स्थिरावली आहेत अशी खात्री झाल्यावरच, म्हणजे सुरू झाल्यापासून १०० ते ५०० मिलिसेकंदांत, एसएमपीएस या तारेवर ५ व्होल्टचा इशारा देतो, आणि तो इशारा मिळेपर्यंत मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मुख्य पट्टी, प्रोसेसरला थांबवून ठेवतो.

धन बाजूच्या तिन्ही व्होल्टेजांना ५ टक्क्यांची मुभा असते. म्हणजे १२ च्या जागी ११.४० ते १२.६०, ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ च्या जागी साधारण ३.१४ ते ३.४६ यांतील काहीही चालते. उणे १२ ला १० टक्के मुभा असते. त्यामुळे ११.९७ पाहून ‘पूर्ण बारा का नाहीत’ असे वाटून घेण्याचे कारण नसते. पाहायचे असते ते हे की संगणक स्वस्थ असताना जो आकडा आहे तो काम पडल्यावर किती खाली सरकतो. दिवसभर ११.८० वर राहणारा एसएमपीएस हा १२.२० वरून ११.५० वर घसरणाऱ्यापेक्षा माझ्या मते अधिक भरवशाचा आहे, जरी नियमाप्रमाणे दोघेही उत्तीर्ण असले तरी.

सॉफ्टवेअर हे आकडे कुठून आणते, हे मी त्या रात्री प्रथमच समजून घेतले. सॉफ्टवेअर स्वतः काही मोजत नाही. मदरबोर्डवर एक लहानशी चिप असते, ती पंख्यांचा वेग, तापमान आणि व्होल्टेज यांवर नजर ठेवते, आणि सॉफ्टवेअर तिचे म्हणणे वाचून दाखवते. माझ्या मदरबोर्डवरील चिपला सुमारे ४ व्होल्टपर्यंतच मोजता येते. म्हणून १२ व्होल्ट तिच्याकडे नेताना मध्ये दोन रोध टाकून त्यांचा चौथा हिस्सा केलेला असतो, आणि सॉफ्टवेअरने त्याला पुन्हा चाराने गुणायचे असते. हा गुणक चिपला माहीत नसतो. प्रत्येक मदरबोर्डचा गुणक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने मिळवावा लागतो, आणि तो चुकला तर येणारा आकडाही चुकतो. दशांशचिन्हापुढील अंक मात्र तितक्याच ठामपणे झळकत राहतात. शिवाय ही चिप १६ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी मोजते, आणि चाराने गुणल्यावर ती पायरी ६४ मिलिव्होल्टची होते. माझ्या पडद्यावर १२ व्होल्टच्या ओळीत एक तर ११.९७ दिसे, नाही तर १२.०३. मधला कोणताही आकडा मी कधीच पाहिला नाही, कारण तिथे पायरीच नाही.

उणे १२ व्होल्टचे पूर्वी सीरियल पोर्टला काम पडे. आता त्याचा फारसा उपयोग राहिलेला नाही, म्हणून कित्येक मदरबोर्डांवर त्याची तार या चिपपर्यंत आणलेलीच नसते. चिपचा तो पाय मोकळा राहतो, मोकळ्या पायावर जे काही भटके व्होल्टेज असेल ते चिप नोंदवते आणि सॉफ्टवेअर त्याला उणे १२ च्या गुणकाने गुणून छापते. माझे उणे ७.९ हे असे जन्मले होते.

हे सगळे मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना सांगितले. बाबा ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात ऑपरेटर होते. त्यांची एकतीस वर्षे दर तासाला लॉगशीट भरण्यात गेली. त्या लॉगशीटचे मोठे कागद माझ्या लहानपणी आमच्या वह्यांना कव्हर म्हणून येत, त्यामुळे त्यांवरील रकाने मला आजही पाठ आहेत: वेळ, व्होल्टेज, प्रत्येक फीडरचे, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीचे, ॲम्पिअर, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचे तापमान आणि सर्वांत शेवटी शेरा. व्होल्टेजचा रकाना कधीच एकटा नसायचा. मे महिन्यात दुपारी घरोघरचे कूलर सुरू झाले की ॲम्पिअर चढत आणि व्होल्टेज उतरे, आणि पहाटे नेमके उलटे होई. हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिलेले असल्यामुळेच उतरलेले व्होल्टेज हा बिघाड आहे की नुसता भार आहे, हे पाहणाऱ्याला कळत असे.

बाबांनी माझा कागद हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “हे रीडिंग कितीवर घेतलं तू?” त्यांना वेळ विचारायची नव्हती, भार विचारायचा होता. मी सकाळी, पडद्यावर काहीही चालू नसताना घेतले होते. दुसरा प्रश्न होता, “अन् कुठं?” त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

मग त्यांनी त्यांचे जुने डिजिटल मल्टिमीटर काढले. संगणकाच्या आत हात घालण्यापूर्वी त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. एसएमपीएसची पेटी उघडायची नाही, कारण आतील कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ तिथे राहू शकतो. बाहेरच्या तारांवर १२ व्होल्टच असले तरी मीटरची सळई घसरून पिवळी आणि काळी एकमेकींना टेकली तर ठिणगी पडून मदरबोर्ड जाऊ शकतो, म्हणून एका वेळी एकच सळई हलवायची आणि दुसरा हात मागे ठेवायचा. हार्ड डिस्कला जाणाऱ्या चार तारांचा एक कनेक्टर रिकामा होता. त्याच्या काळ्या तारेच्या छिद्रात काळी सळई आणि पिवळ्याच्या छिद्रात लाल सळई घातली, तर मीटरवर १२.९ आले. हे तर मर्यादेच्याही वर होते. मी घाबरले; बाबांनी मात्र मीटरच्या कोपऱ्यातील बॅटरीच्या पुसट खुणेवर बोट ठेवले. या साध्या मीटरची स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी उतरली की मोजण्याचा त्याचा आतला आधारच खाली येतो आणि समोरचे व्होल्टेज फुगलेले दिसते. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी बॅटरी आणून घातल्यावर त्याच छिद्रांत ११.९४ आले. निळ्या तारेवर उणे ११.८ मिळाले, आणि माझी रात्रभराची काळजी अर्ध्या मिनिटात मिटली. करड्या तारेवर ४.९ होते, लाल तारेवर ५.०५.

आता भार द्यायचा होता. सेव्हन-झिप या फाइली आवळून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संगणकाची क्षमता तपासण्याची सोय असते, ती सुरू केली की प्रोसेसर पूर्ण ताकदीने कामाला लागतो. पिवळी तार ११.९४ वरून ११.९० वर आली आणि तिथेच थांबली. पाच व्होल्टची लाल तारही मी याच वेळी पुन्हा तपासली, कारण अनेक साध्या एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ या दोन्हींवर नियंत्रण एकत्रच ठेवलेले असते. त्यांत १२ वर भार पडला की १२ खाली जाते, नियंत्रण ते सावरायला जाते आणि त्या भरात ५ वर चढते. एक उतरते आहे आणि दुसरे चढते आहे असे दिसले तर दोष एसएमपीएसच्या कुवतीत शोधावा. इथे लाल तार ५.०५ वरून ५.०६ झाली, इतकेच. स्टॅबिलायझरच्या काट्यावर त्या दुपारी २०५ व्होल्ट होते, आणि एटीएक्सच्या नियमांनुसार १८० ते २६५ व्होल्टच्या आवकीवर एसएमपीएसने आपले काम बिनबोभाट करायला हवे, तेव्हा तिकडूनही दोष देता येत नव्हता. पंधरा मिनिटांनी संगणक आमच्या डोळ्यांसमोर बंद पडून पुन्हा सुरू झाला. त्या क्षणीही मीटरने ११.९० च दाखवले होते. असले मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलते, त्यामुळे हजाराव्या भागातला खड्डा त्याला दिसत नाही, हे खरे; पण बाबांचे लक्ष दुसरीकडे गेले होते.

त्यांनी विचारले, “प्रोसेसरची वीज या तारेतून जाते काय?”

नाही. प्रोसेसरची वीज वेगळ्या कनेक्टरमधून जाते. २००० च्या सुमारास, पेंटियम ४ च्या काळात, प्रोसेसरची भूक इतकी वाढली की मुख्य कनेक्टर तिला अपुरा पडू लागला, आणि दोन पिवळ्या व दोन काळ्या तारांचा चौकोनी कनेक्टर खास त्याच्यासाठी आला. तो मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात लागतो. तिथून १२ व्होल्ट शेजारच्या गुंडाळ्यांकडे आणि ट्रान्झिस्टरांकडे जातात आणि तिथे त्यांचे साधारण १.२ व्होल्ट होऊन प्रोसेसरला मिळतात. मी कागदावर हिशेब करून दाखवला: प्रोसेसर ९५ वॅटचा आहे, म्हणजे १.२ व्होल्टवर त्याला सुमारे ८० ॲम्पिअर लागतात. बाबांनी तो आकडा दोनदा विचारला. आपल्या सबंध घराचा भार कूलर आणि फ्रिज धरूनही पंधरा ॲम्पिअरच्या आत असतो आणि नखाएवढ्या जागेत ८० जातात, हे त्यांना पटायला वेळ लागला. मग ते स्वतःच मोजू लागले. कोराडीच्या वीजकेंद्रातून वीज ४०० केव्हीवर निघते, म्हणजे चार लाख व्होल्ट. वाटेतल्या टप्प्यांनी उतरत त्यांच्या उपकेंद्रात ३३ केव्हीवर येते आणि ११ वर जाते, गल्लीच्या डीपीवरून २३० होऊन घरात शिरते, या पेटीत १२ होते आणि त्या कोपऱ्यात सव्वा. दर टप्प्यावर व्होल्ट उतरतात आणि तेवढ्याच कामासाठी ॲम्पिअर चढतात. “अन् ॲम्पिअर चढले का जोड तापते,” बाबा म्हणाले. “जोड पाहिला का तू?”

उपकेंद्रात रात्रपाळीला ते दिवे बंद करून यार्डातून एक फेरी मारत. सैल झालेला जंपर किंवा क्लॅम्प दिवसा दिसत नाही, अंधारात तो लालसर दिसतो. बिघाड बहुतेक वेळा तारेत नसतो, जोडात असतो, असे ते पूर्वीपासून म्हणत, आणि मी ते उपकेंद्रापुरते खरे धरून चालले होते.

चौकोनी कनेक्टरच्या मागच्या बाजूने, जिथून पिवळी तार आत शिरते तिथे, शिवणाची बारीक सुई सरकवून तिच्यावर मीटरची सळई टेकवली. पूर्ण भारावर ११.८६. हेही उत्तमच होते. मग कनेक्टरच्या पलीकडे, मदरबोर्डवरील पहिल्या गुंडाळीच्या सॉकेटकडच्या पायावर सळई टेकवली, आणि आकडा आला ११.२७. दोन जागांमधले अंतर माझ्या बोटाच्या एका पेराएवढे होते, आणि तेवढ्यात ०.५९ व्होल्ट नाहीसे झाले होते. खात्रीसाठी बाबांनी ग्राउंडवरची सळई काढली आणि दोन्ही सळया जोडाच्या दोन बाजूंना लावून थेट जोडावरचेच व्होल्टेज मोजले. संगणक स्वस्थ असताना ०.०६, भारावर ०.५९. चांगल्या जोडावर तिथे दोन-तीन शतांश व्होल्टच्या पुढे काही दिसायला नको.

मीटर धरलेला हात थिजावा असा तो क्षण होता. चिप जे ११.९७ दाखवत होती ते मुख्य कनेक्टरकडच्या १२ व्होल्टचे होते. माझ्या मदरबोर्डवर प्रोसेसरचे १२ व्होल्ट वेगळ्या वाटेने जातात आणि त्या वाटेवर चिपची नजरच नाही. एसएमपीएस निर्दोष होता, चिपही खरे सांगत होती. “आकडा खोटं नाही बोलून राहिला, बेटा,” बाबा म्हणाले, “तो दुसरीकडचं सांगून राहिला.”

पुढचे गणित सोपे होते. गुंडाळ्यांपाशी होणारी घट धरली तर प्रोसेसरसाठी १२ व्होल्टच्या वाटेवर सुमारे ९ ॲम्पिअर लागतात. नऊ ॲम्पिअर गुणिले ०.५९ व्होल्ट म्हणजे पाच वॅटहून थोडी अधिक उष्णता, आणि तीही तांदळाच्या दाण्याएवढ्या पितळी जिभांमध्ये. शिवाय पुढच्या रूपांतरकाला प्रोसेसरचे वॅट भागवायचेच असतात. व्होल्ट कमी मिळाले की तो ॲम्पिअर जास्त ओढतो आणि जोड आणखी तापतो. “गरम झाला का सैल होते, सैल झाला का गरम होते,” हे बाबांचे वाक्य मी तसेच टिपून ठेवले. सकाळी खोली तीस अंशांवर असताना हे चक्र कुठेतरी थांबत असे. नवतप्याच्या दुपारी बाहेर पारा ४५ च्या घरात आणि खोलीत ३८ असताना ते थांबत नव्हते. कूलरची ओलसर हवा वर्षानुवर्षे याच खोलीत खेळते, तिने पितळी जिभांवर गंज धरला असावा, आणि मीही धूळ काढण्यासाठी तो कनेक्टर कितीदा तरी काढून बसवला आहे. हा माझा अंदाज आहे.

संगणक बंद करून, प्लग काढून, मी कनेक्टर उपसला. चारांपैकी एका पिवळ्या तारेचे पांढरे घर आतून भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचे झाले होते. मदरबोर्डवरील सॉकेटचे तेच घर किंचित वितळून वाकले होते, आणि त्यातील खिळा चकाकण्याऐवजी निळसर-काळा पडला होता. त्याला एक आंबूस, जळका वास होता. हा वास मला चार-पाच दिवस दुपारी येत होता आणि मी तो कूलरच्या जुन्या ताट्यांचा समजत होते.

बर्डीवरच्या एका कारागिराने नवे सॉकेट डाख देऊन बसवले आणि कनेक्टरमधील चारही पितळी जिभा बदलल्या. एसएमपीएस तोच ठेवला. एवढ्याने एसएमपीएसची सगळी परीक्षा झाली असे मात्र मी म्हणणार नाही. डीसीवर उरलेली लहर, जिला १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टची आणि ५ व ३.३ वर ५० मिलिव्होल्टची मर्यादा आहे, ती नीट पाहायला ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचे क्षणोक्षणीचे चढउतार पडद्यावर दाखवणारे यंत्र, लागतो. कॅपॅसिटर म्हातारे झाले की मल्टिमीटरवरचा आकडा जागच्या जागी राहूनही ही लहर वाढू शकते, आणि आमच्याकडच्या उष्णतेत कॅपॅसिटर लवकर म्हातारे होतात. ती तपासणी कधीतरी करून घ्यायची आहे.

घरी आल्यावर बाबांनी माझ्या जुन्या प्रूफाच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रकाने आखले आणि कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला. त्यावरची पहिली नोंद त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतली. वेळ दुपारी ३.१०. खोली ३८ अंश. भार पूर्ण. जागा, प्रोसेसरचा कनेक्टर, गुंडाळीकडून: ११.८४. जोडावर: ०.०३. शेऱ्याच्या रकान्यापाशी मी थांबले, तेव्हा त्यांनी संगणक बंद करायला लावला, प्लग काढला, कनेक्टरच्या प्लास्टिकवर अंगठा ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि सांगितले, “लिही, जोड गार.”